शाल नको, भत्ता द्या

माझ्या कपाटात सात शाली आहेत. त्यातली एकही मी विकत घेतलेली नाही. तीन डिसेंबरला दिव्यांग दिन येतो तेव्हाच्या चार, शिक्षकदिनाच्या दोन आणि एक नगरसेवकाच्या वाढदिवसाची. सगळ्या एकाच जातीच्या आहेत, पातळ, टोचणाऱ्या, कडेला चमकी. शालीबरोबर नारळ येतो आणि नारळाबरोबर एक वाक्य येतं. ते वाक्य काही बदलत नाही. "मॅडम, तुम्ही जे करता ते आम्हाला नाही बुवा जमणार. देवाचं काम आहे हे."

मी कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकवते. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, सरकारी अनुदानावर चालणारी शाळा. तेरा वर्षं झाली. देवाकडून मला आजवर एक रुपया आलेला नाही, पगार सरकार देतं. त्या पगारपत्रकावर मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि वाहतूक भत्ता असे रकाने आहेत. रस्त्यापलीकडच्या जिल्हा परिषद शाळेत माझी मैत्रीण शिकवते, तिच्या पत्रकावरही तेच आहेत. मला तिच्यापेक्षा कमी मिळतं अशी माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. माझी तक्रार अशी आहे की मला जे वेगळं यावं लागतं, त्याची किंमत सरकारने शून्य धरली आहे आणि त्या शून्यावर शाल पांघरली आहे.

वेगळं म्हणजे काय, ते एकदा नीट बघा.

सकाळी प्रार्थनेनंतर माझा पहिला अर्धा तास शिकवण्यात जातच नाही. अकरा मुलं, अकरांच्या कानात मशीन. (कागदोपत्री श्रवणयंत्र. आमच्याकडे कुणी तसं म्हणत नाही.) एकेकाला जवळ बसवायचं, तोंडासमोर पुठ्ठा धरायचा म्हणजे त्याला ओठ दिसणार नाहीत, आणि सहा आवाज काढायचे. आ, ऊ, ई, श, स, म. आवाज ऐकू आला की मुलाने डब्यात मणी टाकायचा. ही चाचणी डॅनियल लिंग नावाच्या गृहस्थांनी बसवली म्हणून तिला लिंग टेस्ट म्हणतात. ट्रेनिंगमध्ये आमची अख्खी बॅच या नावावर आठवडाभर हसत होती. पण चाचणी मोठी हुशार आहे. 'म' हा खालच्या पट्टीचा, 'स' अगदी वरच्या. या सहा आवाजांत बोलण्याचा जवळजवळ सगळा पट्टा येतो.

काल 'स'ला मणी पडत होता आणि आज पडला नाही, तर काहीतरी बिघडलंय. बॅटरी उतरली असेल, नळीत घामाचं पाणी साचलं असेल, इअरमोल्डमध्ये मळ अडकला असेल, किंवा कान वाढला आणि मोल्ड सैल झाला असेल. लहान मुलांचे मोल्ड काही महिन्यांत सैल होतात. किंवा खरंच कानात सर्दी उतरली असेल. हे मला तिथल्या तिथे ओळखावं लागतं. नाही ओळखलं तर त्या मुलाचा दिवस फुकट जातो. 'साठ'मधला स गेला की 'आठ' उरतात आणि 'सात'मधला गेला की 'आत'. मग गणितात मूल चुकतं आणि बघणारा म्हणतो, मतिमंदही आहे वाटतं.

यानंतर शिकवणं सुरू होतं. ते अकरा मुलांचं अकरा वाटांनी चालतं. एकाला ऐकू येतं पण शब्द नाहीत. एकाला खुणा भरपूर येतात पण अक्षर नाही. एक मुलगी सहाव्या वर्षी शाळेत आली तेव्हा तिला स्वतःचं नाव आहे हेच माहीत नव्हतं. त्या मुलीला 'काल' ही गोष्ट कशी शिकवायची? काल दिसत नाही, दाखवता येत नाही, त्याचं चित्र काढता येत नाही. मी तीन महिने रोज संध्याकाळी तिचा फोटो काढून दुसऱ्या दिवशी तिला दाखवत होते. त्याचा कुठे तास लागत नाही आणि तो कुठल्या अहवालात येत नाही.

आता कायदा काय म्हणतो बघा. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ सालचा आहे. विशेष शिक्षकाला या परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं, नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि ठरावीक वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी कार्यशाळांना हजेरी लावून गुण जमवावे लागतात. माझा अनुभव असा की प्रवास, जेवण, फी, सगळं आपल्या खिशातून. नोंदणी नसताना हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्या कायद्यात तरतूद आहे. शिक्षेच्या बाजूने सरकारला पक्कं ठाऊक आहे की हे वेगळं कौशल्य आहे आणि ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. पगार लिहिताना मात्र तेच सरकार विसरतं.

बरं, सरकारला जादा पैसे देता येत नाहीत असंही नाही. सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने भत्ते मोजायला घेतले तेव्हा ते १९६ निघाले होते. त्यातले ५२ बंद करा आणि ३६ दुसऱ्यांत मिसळा, असं आयोगाला सुचवावं लागलं. आपल्या राज्यात आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी आहे. २००२ च्या शासन निर्णयात त्याबरोबर मूळ वेतनाच्या १५ टक्के, कमीत कमी २०० आणि जास्तीत जास्त १५०० रुपये, असा प्रोत्साहन भत्ताही आहे. केंद्राच्या डॉक्टरांना खाजगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल मूळ वेतनाच्या २० टक्के मिळतात.

आणि माझा लाडका भत्ता वेगळाच आहे. गट 'अ'च्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रीय संस्थांमध्ये शिकवायला जाणाऱ्या कर्मचाऱ्याला मूळ वेतनाच्या २४ टक्के प्रशिक्षण भत्ता आहे. त्यामागचा तर्क सोपा आहे, चांगली माणसं शिकवायला यावीत. मला तो तर्क पूर्ण मान्य आहे. ज्यांची पदवी झाली आहे, स्पर्धा परीक्षा झाली आहे, जे दोन-तीन भाषा बोलतात, अशा माणसांना शिकवायला चांगला शिक्षक यावा म्हणून सरकार २४ टक्के जादा मोजतं. जिला स्वतःचं नाव माहीत नाही तिला शिकवायला कोण यावं, असा प्रश्न कुणाला पडत नाही. तो भत्ता केंद्राचा आहे आणि मी राज्याच्या अनुदानावर, हे मला कळतं. मी तर्काबद्दल बोलतेय. माझ्या नोकरीची सुरुवातीची श्रेणी २९,२०० ची. त्यावर २४ टक्के म्हणजे सात हजार आठ रुपये होतात. शालींचा हिशेब मी केलेला नाही.

आता सहा लाखांची गोष्ट. जन्मतः ऐकू न येणाऱ्या लहान मुलाच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवायला केंद्राच्या एडिप योजनेत २०१४ पासून सहा लाखांपर्यंतची तरतूद होती. चांगली योजना आहे, माझ्या वर्गात तिचे दोन लाभार्थी आहेत. पण इम्प्लांट चष्म्यासारखं नसतं, घातला आणि दिसलं असं होत नाही. मशीन चालू झालं की मुलाच्या डोक्यात नुसता गोंगाट सुरू होतो. त्या गोंगाटातून कुकरची शिट्टी वेगळी काढायला, आईचा आवाज वेगळा काढायला, 'ये' आणि 'ने' वेगळं करायला कित्येक महिने, काही मुलांना वर्षं लागतात, आणि ते शेजारी बसून कुणीतरी शिकवावं लागतं. शेजारी कुणी बसलं नाही तर सहा लाख रुपये कानामागे लटकत राहतात. वर्षभराने आई ते काढून कपाटात ठेवून देते, कारण पोरगं रडतं. असं कपाट मी पाहिलं आहे. उपकरणाला रुपयात किंमत आहे, उपकरण वापरायला शिकवणाऱ्याची किंमत नारळात.

हे सगळं कुठून आलं ते शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्याकडच्या अशा पहिल्या शाळा धर्मादायातून निघाल्या. मुंबईची मूकबधिरांची शाळा १८८० च्या दशकात मिशनरी मंडळींनी काढली, पुढे बऱ्याच ठिकाणी दानशूर माणसांनी काढल्या. त्यांचे उपकार आहेतच. पण त्या काळची भाषा अजून गेलेली नाही. आमच्या शाळा राज्यात शालेय शिक्षण विभागाकडे नाहीत. आधी त्या सामाजिक न्याय विभागाकडे होत्या, डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण विभाग झाला. कल्याण! रस्त्यापलीकडच्या मुलांना शिक्षण मिळतं, अलीकडच्या मुलांचं कल्याण होतं. आणि कल्याण करणाऱ्याने जादा पैसे मागितले की लोकांचा चेहरा उतरतो, पुजाऱ्याने पावती मागितल्यासारखा.

इथपर्यंत लिहून हा लेख मी गेल्या वर्षी थांबवला होता. कारण एक मेसेज आला.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरी करतो, कंप्युटरवर डेटा भरायचं काम. आमच्या संघटनेने भत्त्याच्या मागणीचं निवेदन दिलं होतं, त्याचा फोटो कुठल्याशा ग्रुपवर फिरत त्याच्यापर्यंत पोचला. निवेदनात एक वाक्य होतं, "अत्यंत अवघड अशा विद्यार्थ्यांसोबत काम करावे लागत असल्याने". त्या वाक्याला लाल गोल करून त्याने मला पाठवलं. खाली लिहिलं होतं, "टीचर मी अवघड?"

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही.

तो नऊ वर्षांचा असताना आमच्याकडे आला. त्याला भाषा नव्हती, कुठलीच. मी नवी होते. मला शिकवलं होतं की मूल बोललं पाहिजे. हात वापरू दिले तर तोंड आळशी होतं, असं आमचे सर सांगायचे. ही समजूत तशी जुनी आहे. १८८० साली मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तिथे खुणांच्या भाषेविरुद्ध आणि ओठांच्या बाजूने ठराव झाला. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं, कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या परिषदेत. मधली एकशे तीस वर्षं जगभरातल्या वर्गांमध्ये जे चाललं, तेच मी चालवलं. त्याने हात हलवला की मी म्हणायची, हात खाली. जूनपासून दिवाळीपर्यंत मी त्याला एक शब्द शिकवला, पाणी. आरशासमोर बसवून, माझ्या गळ्यावर त्याचा हात ठेवून, 'प'ची हवा त्याच्या तळहातावर सोडून. दिवाळीला त्याचे वडील न्यायला आले तेव्हा तो 'आणी' म्हणाला आणि वडील रडले. मला वाटलं, मी जिंकले.

नंतर वसतिगृहाच्या मावशींनी सांगितलं की पोरगं रात्री खोलीत मोठ्या पोरांशी तासन् तास हाताने बोलतं. जुलैपासूनच. मोठ्या पोरांनी त्याला काही आठवड्यांत भूक, आई, गाव, बैल, भीती, उद्या, सगळं दिलं होतं. दिवसा माझ्या वर्गात त्याच्याकडे एक शब्द होता आणि तोही अर्धा.

त्यानंतर मी खुणा शिकले. त्याच मुलांकडून, मग इंटरनेटवर, मग एका उन्हाळी सुट्टीत पुण्याला जाऊन (पुण्य मिळवायला नव्हे, कोर्स करायला) स्वतःच्या पैशाने. भारतीय सांकेतिक भाषेची केंद्रीय संस्था दिल्लीत २०१५ साली निघाली. तिच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर स्पष्टच लिहिलं आहे की सांकेतिक भाषा आणि ब्रेल येणारे शिक्षक तयार करा आणि नेमा, त्यात स्वतः दिव्यांग असलेलेही घ्या. पण मला खुणा येतात की नाही हे तेरा वर्षांत एकाही तपासणी अधिकाऱ्याने विचारलेलं नाही. हजेरीपट, धान्यसाठा आणि शौचालयं बघतात.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला मी दिलेलं उत्तर असं होतं. तू अवघड नव्हतास, मला येत नव्हतं. आणि त्या उत्तरानंतर आमच्या निवेदनाशी माझं जमेना.

अवघड म्हणून पैसे मागणं हे एकस्तर मागण्यासारखं आहे. तिथे जागा अवघड म्हणून भत्ता आहे. शिक्षकांच्या बदल्यांत तर 'अवघड क्षेत्र' असा शब्दच आहे. मूल म्हणजे अवघड क्षेत्र नव्हे. पावसाळ्यात तुटणाऱ्या पुलाच्या आणि नेटवर्क नसलेल्या पाड्याच्या रांगेत त्याला बसवून मला सात हजार नकोत. दिव्यांगांच्या चळवळीतले लोक या भत्त्याला नाकं मुरडतात ते यासाठीच, आणि त्यांचं बरोबर आहे. मला पैसे हवेत ते अधिकाऱ्यांना शिकवणाऱ्याला देतात त्या तर्काने. शिकवणं मोलाचं आहे आणि ते येणारी माणसं टिकली पाहिजेत, म्हणून.

मग याचा दुसरा भाग आला, जो संघटनेतल्या कुणालाच आवडत नाही. कौशल्याचे पैसे मागायचे तर कौशल्य दाखवावं लागेल. इमारतीवर 'कर्णबधिर विद्यालय' पाटी आहे म्हणून आत बसलेल्या प्रत्येकाला सरसकट भत्ता, याला माझा विरोध आहे. सरसकट दिला असता तर 'हात खाली' म्हणणाऱ्या मलाही पहिल्या महिन्यापासून मिळाला असता. परीक्षा घ्या. खुणांची परीक्षा बहिऱ्या माणसांनी घ्यावी, ब्रेलची अंध माणसांनी. जो पास होईल त्याला द्या आणि काही वर्षांनी पुन्हा बघा. हे मी बैठकीत बोलले तेव्हा एक ज्येष्ठ सर म्हणाले, "तुम्ही आमच्या बाजूने आहात की शासनाच्या?" सरांना तीस वर्षांच्या नोकरीत आपल्या विद्यार्थ्यांचे विनोद कळत नाहीत. तरी निवृत्तीच्या वेळी त्यांना मोठी शाल मिळणार आहे.

हे जगावेगळं नाही. इंग्लंडमध्ये शिक्षकांच्या पगाराचा जो राष्ट्रीय दस्तऐवज आहे, त्यात विशेष गरजांच्या मुलांना शिकवण्याचा भत्ता लिहिलेला आहे. विशेष शाळेतल्या वर्गशिक्षकाला तो द्यावाच, अशी भाषा आहे. २०२४-२५ साठी वर्षाला २,६७९ ते ५,२८५ पौंड. या दोन टोकांमध्ये कुणाला किती, हे ठरवताना त्या पदाला सक्तीची पात्रता लागते का, त्या शिक्षकाकडे कामाचं ज्ञान किती आहे आणि ते काम किती मागणीचं आहे, हे बघायचं. दृष्टिबाधित किंवा कर्णबधिर मुलांच्या वर्गाला शिकवायचं तर तिथे वेगळी सक्तीची पात्रता लागते. म्हणजे सक्ती आहे आणि सक्तीचा मोबदलाही आहे. तिथेही सगळं आलबेल नाही, स्वायत्त शाळांना तो दस्तऐवज बांधत नव्हता. पण निदान शब्द तरी नीट आहेत. कल्याण नाही, देव नाही.

आणि भत्ता शाळेला चिकटवू नका, शिकवणाऱ्याला चिकटवा. आता बरीच दिव्यांग मुलं साध्या शाळेत जातात आणि जायलाच हवीत. तिथे विशेष शिक्षक किती असावेत याचं प्रमाण ठरवायला सर्वोच्च न्यायालयाला रजनीश कुमार पांडे खटल्यात २०२१ साली सांगावं लागलं. पुढच्या वर्षी प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक असं ठरलं, आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालय पुन्हा राज्यांना विचारत होतं की पदं कुठे आहेत. आपल्या राज्याने २०२४ मध्ये ४,८६० पदं मंजूर केली, म्हणजे केंद्रामागे एक. एका केंद्रात दहा-बारा शाळा सहज असतात. माझी एक बॅचमेट वर्षानुवर्षं कंत्राटावर हेच काम करत स्कूटीवर फिरली, डिकीत ब्रेलची पाटी आणि रेनकोट. मी निवासी शाळेत पंख्याखाली बसून भत्ता घ्यायचा आणि तिने पाहायचं, हे मला पटणार नाही.

मावशींचंही राहिलं. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या निवासी शाळेत मी सहा महिने सरावाला होते. सोळा वर्षांच्या, पंचावन्न किलोच्या मुलाला दिवसातून चार वेळा उचलून स्वच्छ करणारी बाई शिक्षिका नसते, काळजीवाहक असते. तिची कंबर चाळिशीत जाते. ते काम अंगाचं आहे, त्याचा हिशेब वेगळा आणि सरळ आहे, आणि त्याला परीक्षाबिरीक्षा काही नको. तिला माझ्याआधी द्या.

पैसे कुठून आणायचे, असं विचारणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही. १९६ भत्ते होते तेव्हा हे कुणी विचारलं नव्हतं.

नवं निवेदन मी लिहिलं आहे. 'अवघड' हा शब्द काढला, परीक्षेचं कलम घातलं. संघटनेच्या सव्वीस जणांपैकी नऊ जणांनी सही केली. त्याचा फोटो मी पुण्याला पाठवला. त्याने रात्री व्हिडिओ कॉल केला, मेसमध्ये ताट समोर होतं, एका हाताने जेवत होता. निवेदन ठीक आहे म्हणाला, फक्त एक गोष्ट राहिली. मग त्याने एक खूण केली ती मला कळली नाही. पुन्हा केली, तरी कळली नाही. त्याने पोळी खाली ठेवली, हात पुसला आणि एकेक अक्षर करून दाखवलं. थ. क. बा. की. मी ती खूण दोन वेळा करून बघितली. अंगठा चुकतोय म्हणाला, असा धर.